पांढऱ्या कपाचा हिशेब

निवृत्तीच्या दिवशी शाखेतील सहकाऱ्यांनी मला चहाचा एक सुरेख संच भेट दिला. सहा कप, सहा बशा, किटली, दुधाचे व साखरेचे भांडे. रंग सायीसारखा, कडेला सोनेरी बारीक रेघ. कप उजेडासमोर धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसावी इतका नाजूक. घरी पाहुणे आले की तो संच कपाटातून निघत असे. आमच्या घरात कंदमुळे येत नाहीत, मातोश्रींचा चौविहार आहे, नातवंडांच्या गोळ्या-चॉकलेटची वेष्टणे जिलेटिनच्या शंकेने दोनदा वाचली जातात. आणि त्याच घरात जवळजवळ तीन वर्षे आम्ही त्या कपांतून चहा पीत होतो. प्रत्येक कपाच्या बुडाशी दोन शब्द स्वच्छ छापलेले होते : ‘बोन चायना’. बँकेत सारी हयात मी बारीक अक्षरे वाचण्यातच घालवली. हे ठळक अक्षर मात्र नजरेतून निसटले. ते वाचून दाखवले माझ्या पुतणीने. ती दिवाळीच्या सुट्टीत अहमदाबादहून आली होती. तिने चहा संपवला, कप उलटा केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “काका, ह्यात निम्मी हाडांची राख असते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

तिने पुढे जे सांगितले ते वाचकांना उपयोगी पडेल, म्हणून आधी तेच नोंदवतो. पांढरी, प्रकाश आरपार जाऊ देणारी भांडी चिनी कारागिरांनी हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी घडवली. त्या पोर्सलिनमध्ये हाडाचा अंश नव्हता. केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त खडकाची पूड, एवढ्यावर ते काम होई. युरोपला मात्र हे गुपित अठराव्या शतकापर्यंत उलगडले नाही. इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या बो येथील कारखान्यात थॉमस फ्राय याने त्या शतकाच्या मध्यास मातीत हाडांची राख मिसळून पाहिली, आणि शतक संपता संपता स्टोक येथील जोसाया स्पोड याने तिचे प्रमाण पक्के केले. ढोबळमानाने ते आजही तसेच आहे : निम्मी हाडांची राख, पाव भाग केओलिन आणि पाव भाग कॉर्निश स्टोन नावाचा खडक. हाडे मुख्यतः गुरांची. ती उकळून चरबी व सरस काढून टाकतात, सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजतात आणि मग दळतात. उरते ते प्रामुख्याने कॅल्शियम फॉस्फेट. त्यामुळे भांड्याला उबदार शुभ्रपणा येतो, आणि पातळ असूनही ते चिवट राहते.

तेव्हा दुकानात भांडे उलटे करून पाहावे. ‘बोन चायना’ किंवा ‘फाइन बोन चायना’ असे लिहिलेले असेल तर शंकेला जागाच नाही. ‘पोर्सलिन’ किंवा ‘स्टोनवेअर’ या भांड्यांत सहसा हाडांची राख नसते. उजेडासमोर धरून पारख करण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. ती भरवशाची नाही, कारण उत्तम पोर्सलिनमधूनही प्रकाश जातो. अनुभवी डोळ्याला बोन चायनात किंचित पिवळसर झाक दिसते, तर पोर्सलिन थोडे निळसर, थंड वाटते. तळाशी काहीच लिहिलेले नसेल तर दुकानदाराला विचारावे, आणि त्यालाही ठाऊक नसेल तर ते भांडे न घेतलेले बरे.

मातोश्रींनी सगळे ऐकून घेतले. एक शब्दही न बोलता त्यांनी संच धुऊन, पुसून, मूळच्या खोक्यात भरायला लावला. खोके माळ्यावर गेले.

ही पुतणी माझ्या धाकट्या भावाची मुलगी. केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतल्यावर चांगली नोकरी मिळत असता तिने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एन. आय. डी.मध्ये, सिरॅमिक आणि काच या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायचे ठरवले. अडीच वर्षांचा अभ्यासक्रम. घरात तीन आक्षेप निघाले, आणि त्यांपैकी एक माझा होता.

भावाचा आक्षेप सरळ होता : कर्ज काढून मातीकाम शिकायचे? माझा आक्षेप त्याहून जुना. १९८०च्या दशकात मी नगर जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही कुंभारांना चाकासाठी, गाढवांसाठी छोटी कर्जे देत असू. त्यातला एक कर्जदार मला अजून आठवतो. माणूस प्रामाणिक, हात सोन्याचा. वैशाखात त्याने माठांचा मोठा आवा रचला आणि त्याच रात्री वळीव कोसळला. सकाळी मी गेलो तेव्हा तो चिखलात बसून फुटके माठ वेगळे करत होता. कर्ज थकले, वसुलीच्या नोटिशीवर सही माझीच होती. त्या दिवसापासून माती हा धंदा माझ्या मनात ‘बुडीत’ या सदरात जमा झाला होता.

तिसरा आक्षेप मातोश्रींचा, आणि तो धर्माचा होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिले अंगारकर्म. भट्टीवर चालणारे धंदे त्यात मोडतात. शिवाय माती खणणे म्हणजे पृथ्वीकायिक जीवांची विराधना. पुतणीने वाद घातला नाही. लहानपणी आजीनेच सांगितलेली गोष्ट तिने आजीला परत सांगितली. उपासकदशांगात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांचे चरित्र आहे. त्यांतला सकडालपुत्र हा पोलासपूरचा कुंभार होता, आणि त्याच्या मालकीच्या कुंभारकामाच्या पाचशे शाळा होत्या. तो आधी नियतिवादी आजीवक मताचा होता. भगवंतांनी त्याला वाळत घातलेल्या भांड्यांविषयीच विचारले : ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? तो म्हणाला, प्रयत्नावाचून, सारे ठरलेलेच असते. मग कुणी ती फोडली तर तू त्याला शिक्षा का करशील, असे विचारल्यावर तो निरुत्तर झाला, आणि पुढे त्याने श्रावकव्रते घेतली. “दादी, भगवंतांनी पुरुषार्थ समजवायला कुंभाराचंच भांडं घेतलं ना?” एवढेच ती म्हणाली. मातोश्रींचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, “जा. पण काय मिसळतेस ते पाहून मिसळ.” शैक्षणिक कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही मी केली.

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मी अहमदाबादला गेलो आणि ती काय शिकते ते पाहिले. साबरमतीच्या काठी, पालडी भागात ही संस्था आहे. उघड्या विटांची शांत इमारत. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दाम्पत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यातून १९६१ मध्ये ही संस्था उभी राहिली. तिला आकार दिला तो गौतम साराभाई आणि गिरा साराभाई या भावंडांनी. अहमदाबादच्या साराभाई या जैन घराण्याचे नाव आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ईम्स दाम्पत्याने त्या अहवालात भारतातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून ज्याचा गौरव केला, तो आपला साधा लोटा. तो डोक्यावर नेणार की कमरेवर, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, किंमत काय पडते, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या लोट्याभोवती मांडले होते. पुतणीच्या टेबलासमोर तसेच प्रश्न तिच्या स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेले होते. फक्त लोट्याच्या जागी ‘कप’ होता.

माझी कल्पना अशी होती की पदव्युत्तर विद्यार्थी म्हणजे चित्रे काढणार आणि कारागीर त्याप्रमाणे वस्तू बनवणार. तसे नाही. आधी हात शिकावा लागतो. माती मळून तिच्यातली हवा काढायची, गोळा फिरत्या चाकाच्या अगदी मध्यावर आणायचा, मग भिंत उचलायची. गोळा मध्यावर आला नाही तर पुढचे सारे वाकडे. सुरुवातीच्या काळात तिने घडवलेले प्रत्येक भांडे ओले असतानाच तार घालून उभे चिरले जाई. भिंत तळाशी जाड राहिली की वर, हे त्या छेदात लपत नाही. “पहिल्या दोन महिन्यांत एकही भांडं मी ठेवलं नाही, काका. सगळी कापली आणि माती परत मळली.” आमच्याकडे नव्या कारकुनाला आधी वर्षभर केवळ रोजकीर्द तपासायला बसवत, त्याची आठवण झाली.

त्यानंतर साचे. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो. मातीचा पातळ घोळ, ज्याला हे विद्यार्थी ‘स्लिप’ म्हणतात, तो साच्यात ओततात. प्लास्टर त्यातले पाणी शोषते आणि साच्याच्या आतल्या अंगाला मातीचा थर धरू लागतो. ठरलेली मिनिटे झाली की उरलेला घोळ ओतून टाकायचा. जितका वेळ, तितकी भिंत जाड. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. घोळ वाहता व्हावा म्हणून पाणी वाढवले तर साचा लवकर चिंब होतो आणि भांडे आकसून तडकते. म्हणून पाण्याऐवजी चिमूटभर सोडियम सिलिकेट घालतात. त्याने मातीचे कण एकमेकांना दूर लोटतात आणि तेवढ्याच पाण्यात घोळ सैल होतो. प्रमाण जरा चुकले तर तोच घोळ पुन्हा घट्ट.

मग तिने मला एक उदाहरण घातले. वाळताना आणि भाजताना माती आकसते. समजा एकूण आकुंचन १२ टक्के आहे आणि तयार कपाचा व्यास ८ सेंटिमीटर हवा. तर साचा किती व्यासाचा करावा? मी चटकन ८ मध्ये १२ टक्के मिळवून ८.९६ म्हणालो. ती हसली. आकुंचन मोजतात ते ओल्या मापावर, म्हणून ८ ला ०.८८ ने भागायचे : ९.०९ सेंटिमीटर. व्याज मिळवणे आणि हुंडीची कसर कापणे यातला हा फरक. एम. कॉम. झालेल्या आणि हुंड्या वटवण्यात वर्षे घालवलेल्या माणसाला तो एका मुलीने कपावरून शिकवावा, याची मला जराशी शरम वाटली. आनंदही झाला, हे कबूल करतो.

तिच्याजवळ एक जाड वही होती. खरे सांगायचे तर संस्थेत मी जे काही पाहिले त्यात ही वही मला सर्वांत मोलाची वाटली. डाव्या पानावर मिश्रण, ग्रॅममध्ये. उजव्या पानावर भट्टीचा चढता-उतरता आलेख, आणि त्याखाली निकाल. ‘तडकले. कारण : ५७३ अंशांपाशी घाईने थंड केले.’ त्या तापमानाला क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते एकदम आकारमान बदलतात, म्हणून भट्टी तेथे सबुरीने उतरवावी लागते. ‘झिलई वाहून फळीला चिकटली.’ ‘हिरवा अपेक्षित, राखाडी आला.’ भांड्यावर काचेसारखा जो चकचकीत लेप असतो त्याला ग्लेझ किंवा झिलई म्हणतात. तो म्हणजे काच करणारी सिलिका, तिला भांड्यावर धरून ठेवणारी अल्युमिना आणि तिला वितळवणारी द्रव्ये, या तिघांचा ताळेबंद. हा ताळेबंद रेणूंच्या प्रमाणात मांडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात हेर्मान झेगर या जर्मन रसायनतज्ज्ञाने घालून दिली. भट्टीत ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे शंकू ठेवून भाजणी ओळखण्याची त्याची पद्धतही अजून जगभर चालते. तापमापक आकडा सांगतो, पण किती वेळ किती उष्णता मुरली ते शंकू सांगतो.

तीन द्रव्यांचे मिश्रण तपासायचे असेल तर विद्यार्थी एक त्रिकोण आखतात. तीन कोपऱ्यांवर तीन शुद्ध द्रव्ये, आणि मधल्या प्रत्येक बिंदूवर त्यांचे वेगळे प्रमाण. प्रत्येक बाजूचे पाच भाग केले तर २१ बिंदू होतात, म्हणून २१ चाचणी-फरशा. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची नोंद. लोखंडाच्या भस्माचे एक-दोन टक्के आणि धुमसती, कमी प्राणवायूची भट्टी असेल तर समुद्रासारखी फिकट हिरवी झाक येते. तेच आठ-दहा टक्के झाले की जवळजवळ काळा रंग. तांबे मोकळ्या हवेत हिरवे, धुमसत्या भट्टीत लाल. हे पाठ करून येत नाही, आणि एका वर्षाची माती दुसऱ्या वर्षी तशीच मिळेल याची शाश्वतीही नाही. तिच्या टेबलावर निर्मला पटवर्धन यांचे कुंभारकामावरचे इंग्रजी पुस्तक होते, पाने मातीच्या बोटांनी माखलेली. झिलयांवर आयुष्य वेचलेली ही कलावती आपल्या पुण्याची, याचा मला पत्ताही नव्हता.

कच्छमध्ये खावडा येथे जाऊन आलेल्या दिवसांविषयी ती भरभरून बोलली. तेथील कुंभार घरांत पुरुष चाकावर भांडे घडवतात आणि स्त्रिया लाल, पांढऱ्या व काळ्या मातीच्या रंगांनी त्यावर रेघा, ठिपके, लाटा काढतात. हाताखाली कागद नाही, पट्टी नाही; भांडे एका हाताने फिरते आणि रेघ जेथून निघाली तेथेच बरोबर येऊन मिळते. “आम्ही ज्याला पदव्युत्तर शिक्षण म्हणतो ते त्यांच्या घरी स्वयंपाकाबरोबर चालतं,” ती म्हणाली. मी विचारले, मग तुझ्या वहीचा उपयोग काय? तिने थोडा विचार केला. त्या स्त्रीची माती शेजारच्या तलावातली, आजीपासून ओळखीची. आम्हाला दर वेळी अनोळखी मातीशी ओळख करून घ्यावी लागते, म्हणून वही. उत्तर मला पटले.

एका बाबतीत मी तिला थोडे देऊ शकलो. तोट्याचा हिशेब ती वहीत लिहीत होती, पण किमतीत धरत नव्हती. परिव्यय लेखांकनात सामान्य तोटा आणि असामान्य तोटा असे दोन भेद आहेत. प्रक्रियेत जो तोटा अटळ असतो तो चांगल्या नगांच्या किमतीत मिसळायचा. अपघाताने झालेला नफा-तोटा पत्रकात वेगळा दाखवायचा. समजा साचा, वाळवण, पहिली भाजणी आणि झिलईची भाजणी अशा चारही टप्प्यांवर शंभरातले केवळ पाच नग जातात. ऐकायला थोडे वाटते, पण शेवटी शंभरातले सुमारे ८१ उरतात. त्या ८१ कपांनी शंभर कपांचा खर्च वाहायचा. हे न धरता किंमत लावली तर माल खपूनही धंदा बुडतो. माझ्या जुन्या कर्जदाराच्या माठांना ही किंमत कोणी कधी लावली नव्हती. त्याचा आवा भिजला तो असामान्य तोटा. पण दर आव्यात फुटणारे माठ, तेही त्याने निमूट अंगावर घेतलेले. कर्जमंजुरीच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, आणि तो तक्ता भरणाऱ्या मला तो सुचलाही नाही.

शेवटच्या सहामाहीचा प्रकल्प तिने निवडला तो आमच्या माळ्यावरच्या खोक्यातून : हाडांवाचून तसा कप होईल का?

बाजारात कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट मिळते, ते खनिज फॉस्फेटापासून बनवतात. हाडांच्या राखेऐवजी ते वापरायचे, असा तिचा पहिला बेत. मातोश्रींनी फोनवर विचारले, हे खनिज कुठून येते? पुतणीने लपवाछपवी केली नाही. काही फॉस्फेट खडक प्राचीन समुद्रतळाच्या गाळातून झालेले आहेत आणि त्या गाळात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांचे अवशेषही असू शकतात, असे तिने सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग मातोश्री म्हणाल्या, “कुणाला मारून आणलेलं नाही ना? मग कर.”

२१ फरशांचा त्रिकोण मांडला गेला. काही फरशा खरोखर सुंदर निघाल्या, पण फरशी म्हणजे कप नव्हे. या मिश्रणात चिकट माती थोडी, त्यामुळे घोळ साच्यातून काढतानाच कपाला भेगा जात. जे सुटले ते भट्टीत बसले, म्हणजे अक्षरशः बसले, दमलेल्या माणसासारखे. बोन चायनाचे मिश्रण पक्व होताना मऊ पडते आणि ठीक भाजले जाण्याची मर्यादा फार अरुंद असते. कारखान्यात म्हणूनच त्या भांड्यांना पहिल्या भाजणीत आधार देऊन ठेवतात. तिने आधार दिले, चढ-उतार बदलला, प्रमाणे बदलली. तीन महिने गेले. वहीत ‘वाकला’ हा शब्द इतक्या वेळा आला की पुढे पुढे तिने नुसते ‘वा.’ लिहिले.

तेव्हा तिने फॉस्फेट सोडले. पराभव मानून सोडले, असे ती स्वतः म्हणते. केओलिन, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांच्या जुन्या पोर्सलिनकडे ती वळली. प्रकाश आरपार जायचा असेल तर भिंत दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, आणि मिश्रणात लोहाचा अंश जवळजवळ नको. थोडाही असला तरी शुभ्रपणा मळतो. या कपांची नवी अडचण निघाली ती कानाची. कपाला एका बाजूने कान जोडला की भाजताना तो आपल्याकडे ओढतो आणि गोल तोंड लंबगोल होते. यावर जुने उपाय आहेत. दोन कप तोंडाला तोंड लावून भाजतात. पण तिला आठवली आजी. संधिवाताने मातोश्रींची बोटे वाकली आहेत, कपाच्या कानात त्यांचे बोट जात नाही. त्या उकळलेल्या पाण्याचा पेला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरतात, आणि कान मध्ये येतो. म्हणजे ज्या कानामुळे कप वाकत होता, तो पिणाऱ्याला नकोच होता. तिने कान काढला. मग चटका बसू नये म्हणून बाहेरच्या अंगाला उभ्या बारीक धारा उठवल्या. बोटे धारांवर टेकतात, भिंतीला लागत नाहीत. उजेडात धरला की धारांच्या जागी सावलीच्या रेघा पडतात. मला त्या सुंदर वाटतात. तिला अजून जाड वाटतात.

पदवी हाती येण्याच्या सुमारास तिला राजस्थानातील एका कारखान्यातून नोकरीचा प्रस्ताव आला. डिझाइन विभाग, पगार उत्तम. उत्पादन बोन चायना. घरात दोन दिवस फोन चालू होते. भावाचे म्हणणे, तू आकृत्या काढणार, हाडे कोणी तुझ्या हाती देणार नाही. आणि कर्ज फेडायचे आहे. त्याचे चुकीचे होते असे मला वाटत नाही. बापाने असेच बोलावे. मी जामीनदार, माझे मत कोणत्याही बाजूने गेले तरी ते निःपक्षपाती ठरले नसते, म्हणून मी गप्प राहिलो. मातोश्रींनी तर विषयच काढला नाही. दुसऱ्या रात्री पुतणीने नकार कळवला. कारण विचारल्यावर ती धर्मावर वगैरे काही बोलली नाही. म्हणाली, “काका, वहीत लिहिता आलं नसतं.” मला ते पुरते समजले नाही, आणि मी पुन्हा विचारलेही नाही.

आता ती पुण्यात एका स्टुडिओत आठवड्याचे तीन दिवस शिकवते आणि उरलेले दिवस कप करते. कर्जाला अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे एक वर्ष अशी सवलत आहे. ती येत्या उन्हाळ्यात संपेल. हप्ता किती आणि तो फेडायला महिन्याला किती कप विकले पाहिजेत, याचा तक्ता आम्ही दोघांनी मिळून केला आहे. सामान्य तोट्याचा रकाना धरून. आकडा जरा अवघड आहे, अशक्य नाही. गेल्या दोन महिन्यांत एकदा तो गाठला, एकदा नाही.

पहिल्या भट्टीतले चार कप तिने घरी आणले. मातोश्रींनी एक उचलला, सवयीने उलटा केला आणि बुडाशी बोट फिरवले. काही छापलेले नव्हते. “ह्यात काय काय आहे?” पुतणीने तिन्ही नावे सांगितली. मातोश्रींनी ती एकेक करून पुन्हा म्हणून घेतली, तिथी विचारावी तशी. मग स्वयंपाकघरातून पाणी मागवले. सूर्य मावळायला अजून अवकाश होता.

निवृत्तीचा संच अद्याप माळ्यावर आहे. सहकाऱ्यांनी प्रेमाने दिलेली वस्तू फोडवत नाही, वापरवत नाही, आणि आपण वापरत नाही ती दुसऱ्याला कशी द्यावी हेही ठरत नाही. सौ. दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी विचारते, याचे काय करायचे? मी म्हणतो, पुढच्या वर्षी पाहू.